राग येत नाही म्हणणाऱ्या बायका

६ ऑगस्ट, मंगळवार

तुरुंगाच्या महिला विभागात आज पहिला दिवस. मोबाईल गेटवर जमा. पेनसुद्धा उघडून पाहिलं. विद्यापीठातल्या सरांच्या अभ्यासाचा विषय: हिंसक गुन्ह्यांतल्या स्त्रियांचा स्वभाव आणि राग. माझं काम प्रश्न वाचून दाखवायचं, उत्तरावर खूण करायची. कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, नेहमीच. एम.ए. झाल्यावरचं पहिलं काम.

नियम असा की महिला शिपाई मॅडम शेजारी बसणार. बसू देत.

सकाळी आंधळगावच्या स्टँडवर बाबा सोडायला आले होते. म्हणाले, "खुनी बायांसंग बसाचं याले नोकरी म्हणतेत?" मी म्हटलं, त्यांना समजून घेतलं तर पुढचे गुन्हे थांबतील. बाबा म्हणाले, "बरं. डबा खाजो टाइमावर."

१२ ऑगस्ट, सोमवार

(या वहीत त्या बायकांची खरी नावं लिहायची नाहीत, हे ठरवलं.)

ताराबाई. पाण्यावरून जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, डोक्यात फावड्याचा दांडा घातला. त्याने हिच्या भाताच्या बांधीचं पाणी रात्रीतून आपल्या बांधीत वळवलं होतं. पहिला प्रश्न वाचला: मला लवकर राग येतो.

"मले तं चहाच्या आधी येते."

मग म्हणाली, "सगळ्याले नेहमीच लिही पोरी. तुहा बी टाइम वाचन, माहा बी."

असं चालत नाही म्हटलं, तर सगळे प्रश्न ऐकले आणि सगळ्यांना नेहमीच म्हणाली. शेवटी विचारलं, जेठ कसे आहेत आता. "जिता हाये ना. टाके पडले. आता बी बांध फोडतेच म्हणते मेला." मॅडमही हसल्या.

मला ती आवडली. असं आवडणं बरोबर आहे का, माहीत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

कौसल्या. आईपेक्षा थोडी लहान असेल. नवऱ्याचा खून. सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारत होते आणि तिचे हात चालूच होते. खडे डावीकडे, दाणे उजवीकडे.

कुणी अपमान केला तर मला मारावंसं वाटतं?

"नाही, बाई."

राग आला की मी वस्तू फेकते?

"नाही."

मनातल्या मनात मी लोकांना शिव्या देते?

"नाही, बाई. कायले?"

रागाच्या सगळ्या प्रश्नांना कधीच नाही. मॅडम म्हणाल्या, "हिले राग येत नाही म्हणे. नवऱ्याचं डोकं फोडून आली." कौसल्याने मान वर केली नाही. म्हणाली, "मॅडम खरं सांगून राहिल्या. फोडलं मी."

मग परत तांदूळ.

२० ऑगस्ट, मंगळवार

सरांना फॉर्म दाखवले. प्रश्नावलीत खोटं पकडायचे काही हो-नाहीचे प्रश्न मिसळलेले असतात. मी कधीही कुणाबद्दल वाईट बोलले नाही, अशा धर्तीचे. माणूस त्या सगळ्यांना हो म्हणाला की तो चांगलं दिसायला बघतोय असं समजायचं आणि फॉर्म बाद करायचा. कौसल्या सगळ्यांना हो म्हणाली आहे.

मी म्हटलं, सर, ती खरंच कुणाबद्दल वाईट बोलत नसेल तर?

सर म्हणाले, "असू शकतं. पण एका बाईवरून सिद्धांत मांडायचा नाही. अजून भेट. नोंदी ठेव." रागावले नाहीत. त्यांचं चूक आहे असंही नाही. बसमध्ये मात्र डोक्यातून जाईना. ताराबाईच्या रागाला चार खणांत जागा आहे. हिला कुठल्या खणात बसवायचं?

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज मॅडमना गेटवर बोलावलं. थोडा वेळ आम्ही दोघीच. मी काही विचारलं नव्हतं. कौसल्याच बोलली. बसमध्ये बसल्याबसल्या आठवून लिहिते आहे, तिच्याच शब्दांत.

"त्या दिवशी त्यानं काहीच नव्हतं केलं. मारलं बी नव्हतं. जेवला अन् झोपला. मी चटणी वाटून राहिली होती. मंग उठली. वरवंटा हातातच होता."

राग आला होता?

"नाही. राग पहिले यायचा. लगन झालं तवा. मंग बंद झाला."

वरवंटा धुतला. उरलेली चटणी वाटून वाटीत काढली, झाकून ठेवली. मग पोलीस पाटलाच्या घरी गेली.

आधी कुणाला सांगितलं नव्हतं का, विचारलं. माहेरी बैठक झाली होती, म्हणाली. एकदा नाही, तीनदा. दोन्हीकडची माणसं बसायची, चहा व्हायचा. "मले विचारत, तरास हाये का म्हणून. मी नाही म्हणो. भरल्या बैठकीत कशी सांगन? बाबाची मान खाली. अन् मंग जाचं तं त्याच्याचसंग हाये."

सगळ्यात शेवटी हे म्हणाली: "ठाण्यात साहेबानं विचारलं, मयताचं नाव काय. मले सांगताच येईना. एवढ्या वर्सात कधी घेतलं नव्हतं ना. मंग घेतलं. पहिल्या खेपेस."

मॅडम आल्या. तिने सूप पुढे ओढलं.

फॉर्मवर यासाठी जागा नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पोळा-तिजेसाठी ताई आली. सासरहून, नाकाडोंगरीहून, एकटीच, भाऊजींना खाणीवर सुट्टी नाही म्हणे. वाळली आहे. आई म्हणाली, "रोवणी झाली का अशीच दिसते बाई." ताईच्या सासरी शेती नावाला आहे. भाताच्या रोवणीला ती कितीशी गेली असेल.

कामं तशीच झपझप. पण डाव्या हाताने पाण्याचा गुंड उचलत नाही. उजव्यानेच, कमरेवर.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा. आज बैलांची खांदमळणी. बाबांनी हळद आणि तूप कालवून दोघांच्या खांद्याला चोळलं. जू घासून जिथे कातडं सोललं आहे तिथे अगदी हळू, फुंकर घालत. मग दरवर्षीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ताई शेजारी वाटी धरून उभी होती. उजव्या हातात. डावा हात पोटाशी.

दुपारी म्हणाली, "मंजू, माही वेणी घालून दे. मले नाही जमून राहिलं." तेल लावताना बोटं थांबली. कानामागे रुपयाएवढी जागा, केसच नाहीत. कातडी गुळगुळीत.

"हे काय, ताई?"

"खाज सुटली होती. म्हणून कापले."

कापलेले केस खुंटासारखे टोचतात. तिथे काहीच टोचत नव्हतं. आई समोर बसून पुरणाची डाळ निवडत होती. आईने पाहिलं. आई डाळीकडे बघत म्हणाली, "खोबऱ्याचं लाव, थंड राहते."

मी पुढे विचारलं, डावा हात उचलत नाहीस, खांद्याला काय झालं? ताई म्हणाली, "काही नाही." आईसमोर विचारलं. मॅडमसमोर विचारते तसंच. हे आता लिहिताना लक्षात येतं आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

मारबतीची सकाळ, गावाची इडापिडा शिवेबाहेर घालवायची. काल दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, घेऊन सगळं गाव शिवेकडे निघालं. पोरं पुढे, बायामाणसं मागे. दरवर्षीचाच आरडाओरडा. खोकला-खासी घेऊन जा गे मारबत. ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत. कुणी लाईट बिलाचं नाव घेतं, कुणी उधारी मागणाऱ्या दुकानदाराचं. मग हसणं.

ताई माझ्या शेजारी होती. तोंड बंद. शिवेवर पोचलो, सगळ्यांनी मेढे फेकले. तिने उजव्या हाताने फेकला आणि ओरडली,

"विलासले घेऊन जा गे मारबत."

लग्नाला सात वर्षं झाली. भाऊजींचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे घेतच नाहीत. "हे" म्हणतात, नाहीतर "तुमचे भाऊजी".

मग बाया हसायला लागल्या. शेजारची काकी ताईला म्हणाली, "संगे, भूक लागली का वापस येईन तो." दुसरी म्हणाली, "माहा बी पाठव मा, दोघं संगतीनं जातीन." ताईही हसली. पदर तोंडाला लावून हसली.

बाबा हसले नाहीत. हातातला मेढा त्यांनी फेकलाच नव्हता. येताना बांधावर टाकून दिला.

मला आधी बरं वाटलं. सुटलं एकदाचं, असं. ताराबाईसारखं. मग कौसल्या आठवली. ठाण्यात, पहिल्या खेपेस.

६ सप्टेंबर, शुक्रवार

तीज. ताईला निर्जळी उपवास. त्याच्याच आयुष्यासाठी. मी धरला नाही, आई कुरकुरली.

दुपारी आई देवळात गेली. ताई अंगणात एकटी होती. आज मी प्रश्न वाचले नाहीत. फक्त विचारलं, ताई, तो मारतो ना?

उजव्या हाताने तिने पदर सारखा केला. मग: "मूल होत नाही म्हणून पहिले. आता काहून मारते ते त्याले बी नाही माहीत."

खांदा?

"दार लोटून फटीत दाबला त्यानं."

तुला राग येत नाही?

"पहिले यायचा."

पुढचं वाक्य तिने म्हणू नये असं वाटत होतं. तिने म्हटलं. "आता काही येत नाही. त्यानं मारलं तरी नाही, नाही मारलं तरी नाही."

मी म्हटलं, जाऊ नकोस. मी पोलिसात येते तुझ्याबरोबर, कागद मी लिहिते, आपण भंडाऱ्याला खोली घेऊ, तू शिवणकाम कर. पटपट बोलत होते. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी कविता पाठ म्हणायचे तेव्हा बघायची तशी.

"बाबाले विचार," म्हणाली.

८ सप्टेंबर, रविवार

बाबांना काल विचारलं. खांद्याचं, केसांचं, सगळं सांगितलं. बाबा चिलीम पुसत बसले. म्हणाले, "तिच्या तोंडून आलं पायजे. तू सांगून नाही चालत." मी म्हटलं, तिने मला सांगितलं. "बैठकीत सांगू दे. मंग मी नाही पाठवत तिले. शब्द देतो."

बाबांनी शब्द दिला. मी खूश झाले. मूर्ख.

आज भाऊजी आले, त्यांच्या काकांना घेऊन; बाबांनी गल्लीतले दोघे बैठकीला बोलावले. मारबतीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. नाकाडोंगरीत लोक चिडवतात म्हणे, मारबत कधी नेते तुले. काकांचं म्हणणं, पोरीने माफी मागावी, विषय संपला. भाऊजी खाली मान घालून. इस्त्रीचा शर्ट. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. कुणी पाहिलं तर म्हणेल, किती साधा माणूस.

मी बोलले. म्हटलं, आधी तिच्या खांद्याचं बोला. काका म्हणाले, "ही शिकलेली का?" बाबा म्हणाले, "मंजू, तुले विचारलं का कोणी?"

मग बाबांनीच विचारलं. आवाज मऊ होता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, हे मला आता कळतं. "सांग बाई. तरास हाये का तुले तिथं?"

ताई दाराच्या चौकटीला टेकून. समोर पाच पुरुष. भाऊजी तिच्या पायांकडे बघत होते.

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, बाबा."

काका म्हणाले, झालं तं मंग. बाबा माझ्याकडे बघेनात. मीही एवढे दिवस असंच विचारत आले. कुणीतरी शेजारी बसवून. आणि कधीच नाहीवर खूण करत आले.

चारच्या बसने गेली. खिडकीतून म्हणाली, "बैलाच्या खांद्याले दोन दिवस अजून लावा. सुकलं नाही."

११ सप्टेंबर, बुधवार

सरांना सांगितलं की शिपाई बाई शेजारी असताना घेतलेल्या उत्तरांवर माझा विश्वास उरलेला नाही. सर म्हणाले, हे आधी लक्षात यायला हवं होतं, आपल्या दोघांच्याही. तुरुंगाकडे वेगळी परवानगी मागतील. तोपर्यंत काम बंद. घरचं सांगितलं नाही.

शेवटचं म्हणून आत गेले. ताराबाई मॅडमशी भांडत होती, साबण बारीक कापतात म्हणून. भांडण एवढं रंगलं की आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कौसल्याला विचारलं, अभ्यासासाठी नाही, माझ्यासाठी विचारते. त्या दिवशी काय झालं असतं तर ते घडलं नसतं?

वाटलं होतं, माहीत नाही म्हणेल. तिने हात थांबवले. मी तिचे हात थांबलेले पहिल्यांदा पाहिले.

"कोणी आलं असतं तं."

कोण?

"कोणी बी. दुपारच्यानं. आलं असतं, बसलं असतं, तं मले चहा मांडा लागला असता. मंग संध्याकाळ झाली असती."

एवढंच?

"तेवढंच. आमच्या घरी कोणी येतच नव्हतं, बाई. सगळ्याले माहीत होतं ना. मंग कोण येते?"

१४ सप्टेंबर, शनिवार

ताईला रोज फोन. बरं हाये. जेवली. पाऊस हाये. बरं हाये.

आईला म्हटलं, आपण जाऊन येऊ. आई म्हणाली, "लेकीच्या घरी घडीघडी गेलं का लोक म्हणतेत, काही तरी हाये." तसं तर आहेच ना, म्हटलं. आई आत निघून गेली. पाठमोरी होती, डोळे पुसले की घाम ते दिसलं नाही.

सात वर्षांत आम्ही तिच्या घरी किती वेळा गेलो, आठवायचा प्रयत्न केला. लग्नानंतर मांडवपरतणीला. भाऊजींचे वडील वारले तेव्हा. पुढे आठवत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तुमसरच्या बसमध्ये, तिथून पुढे नाकाडोंगरी. अक्षर हलतं आहे.

माझं जेवण झाल्यावर ताईला फोन केला होता. उचलला.

काय करतेस?

"काही नाही. बसली हावो."

भाऊजी कामावर?

"नाही. विलास झोपला हाये."

ओरडून नाही. हसूनही नाही. पाऊस हाये म्हणते त्याच आवाजात. मी ताई, ताई म्हणत राहिले. ती म्हणाली, "ठेवतो," आणि ठेवला. परत लावला. वाजतो, उचलत नाही.

बाबा ओसरीवर होते. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. कौसल्याचं सगळं एका दमात सांगितलं. चटणी, झोपलेला नवरा, ठाण्यातलं नाव, कुणी येत नव्हतं ते. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उठले, खुंटीवरचा शर्ट घातला. आई म्हणाली, "जेवाचं ताट तसंच हाये तुमचं." बाबा म्हणाले, "संगीकडे जाऊन चहा घेतो."

शेजारच्या काकीने विचारलं, काहून घाईत? बाबा चालता चालता म्हणाले, "पोरीकडे चाललो. तिच्या खांद्याले लागलं हाये." मोठ्याने. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आता शेजारी बसले आहेत. हातात स्टीलचा लहान डबा. विचारलं, काय आहे? "हळद-तूप." मग बऱ्याच वेळाने, "खांदमळणीच्या दिवशी दिसलं होतं मले. वाटी धरून होती ना."

मी परत फोन लावला.

आत्ताच विचारलं त्यांनी, "उचलला का?"

नाही.

"लाव अजून."

लावते आहे. तुमसरच्या अलीकडचं फाटक पडलं आहे. मालगाडी चालली आहे, खाणीचा माल भरलेली, हळू. बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाबा सीटवरून अर्धवट उठून पुढे बघतात, शेवटचा डबा दिसतो का म्हणून. पुन्हा बसतात.

तिकडे फोन वाजतो आहे.